छत्री, डबा आणि कुलूप

आमच्या हिंगोली जिल्ह्यात दूरदर्शनच्या तबकडीस तबकडी म्हणणारा मनुष्य बहुधा बदली होऊन आलेला सरकारी नोकर असतो. गावचा मनुष्य तीस छत्री म्हणतो. कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ, कोणत्याही तालुक्यात जा. पत्र्याच्या घरावर, स्लॅबच्या कठड्यावर, क्वचित गोठ्याच्या खांबाला बांधलेल्या लोखंडी नळीवर ह्या छत्र्या दिसतात, आणि सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून, मान वर उचलून बसलेल्या असतात. पावसात घर गळले तरी चालेल, पण छत्री हलता कामा नये, असा दंडक असलेली घरे मी पाहिली आहेत. छत्रीतून एक काळी तार निघते, खिडकीच्या फटीतून आत येते आणि टीव्हीजवळच्या एका डब्यात शिरते. कागदोपत्री त्याचे नाव ‘सेट टॉप बॉक्स’. टीव्ही पेटाऱ्याएवढे असत तेव्हा तो खरोखरच वर ठेवीत. आता टीव्ही पाटीसारखा पातळ झाला, वर जागा उरली नाही, नाव मात्र राहिले.

चिवड्याची वाटी हाताशी घेऊन वाचायच्या ह्या पानांवर डब्याचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. मी शाळेत इतिहास शिकवतो, सवडीने कादंबऱ्या लिहितो, आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आमच्या शेजारी एक हळदवाले शेतकरी राहतात. मासिक भाडे परवडेना म्हणून त्यांनी एका कंपनीची सेवा सोडून दुसरीची घेतली. नव्या कंपनीचा माणूस आला, छत्री जराशी फिरवून गेला आणि जुना डबा काढून नवा बसवला. जुना डबा त्यांनी रोख पैसे मोजून घेतलेला. आता त्याच्यावर देवळीतला उदबत्तीचा पुडा ठेवतात. ते मला म्हणाले, “गुरुजी, छत्री तीच, वायर तीच, टीव्ही तोच. आभाळ बी एकच. मंग त्या कंपनीचा डबा ह्या कंपनीला कामून चालत नाही? माझं ट्रॅक्टर तर कोणत्याबी पंपावर डिझेल पितंय.”

प्रश्न साधा वाटला, म्हणून शोधायला बसलो. शोधता शोधता कळले की हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे, आणि त्याने पूर्वी एकदा फार मोठ्या माणसांना नमवलेले आहे.

१९२२ च्या ऑक्टोबरात लंडनात ‘ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी’ स्थापन झाली. आज बीबीसी म्हणून जिचा दबदबा आहे तिचाच हा पहिला जन्म. फरक एवढाच की ही संस्था तेव्हा रेडिओचे संच बनविणाऱ्या कारखानदारांनी मिळून काढलेली होती. कार्यक्रम फुकट ऐकवायचे आणि संच विकून पैसा मिळवायचा, असा व्यापाऱ्याचा सरळ हिशेब. म्हणून नियम असा झाला की ज्याला रेडिओ ऐकायचा असेल त्याने पोस्टातून दहा शिलिंगांचा परवाना घ्यावा, आणि कंपनीचा शिक्का असलेलाच, म्हणजे तिच्या सभासद कारखान्यांनी बनविलेलाच, संच वापरावा. प्रत्येक संचावर कंपनीला हक्काची रक्कम मिळे. परंतु इंग्लंडातली हौशी पोरे आणि त्यांचे बाप कंपनीच्या हिशेबात आलेले नव्हते. त्यांनी तारेची वेटोळी गुंडाळली, स्फटिकाचा खडा आणला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःचे संच जुळवले. त्या संचांवर शिक्का कुठला असणार? परवाना द्यावा तर नियम मोडतो, न द्यावा तर लाखभर घरे गुन्हेगार ठरतात. १९२३ साली साइक्स समिती बसली, घरी संच करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना निघाला, आणि १९२४ संपता संपता शिक्क्याची सक्तीच गेली. पोस्टमास्तर जनरल, कारखानदार आणि पार्लमेंट अशी तिन्ही मातब्बर मंडळी वेटोळे गुंडाळणाऱ्या पोरांपुढे मागे सरली.

ऑस्ट्रेलियातली कथा तर आमच्या शेजाऱ्यांनी ऐकली असती तर मांडीवर थाप मारली असती. तेथे १९२३ च्या ऑगस्टात ‘मोहोरबंद संचा’ची योजना आली. रेडिओ घेणाऱ्याने एका केंद्राची वर्गणी भरायची आणि दुकानदाराने त्याचा संच त्या एकाच केंद्राच्या लहरीवर लावून मोहोर करून द्यायचा. सिडनीतील एका केंद्राची वार्षिक वर्गणी तीन गिनी होती, दुसऱ्याची दहा शिलिंग. दोन्ही ऐकायची असतील तर दोन्हींची वर्गणी. आजच्या भाषेत बोलायचे तर हाच तो पहिला कुलूपबंद डबा. लोकांनी काय केले? पुष्कळांनी घेतलाच नाही. ज्यांनी घेतला त्यांतील कित्येकांना मोहोर कशी सैल करावी हे शेजाऱ्याने शिकवले. जवळजवळ वर्ष झाले तरी साऱ्या खंडात अशा परवान्यांची संख्या १,४०० च्या आसपास रेंगाळली, आणि १९२४ च्या जुलैत सरकारने योजना गुंडाळून ठेवली. मोहोर मेणाची होती व ती घरातल्या चाकूला ऐकत होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चे केंद्र सुरू झाले. हिचे उत्पन्न दोन वाटांनी यायचे: दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यातील मोठा हिस्सा आणि परदेशातून येणाऱ्या संचांच्या किमतीवरील पट्टी. पट्टी होती, पण संच अमुकच घ्या अशी अट नव्हती. परवानेही फार नव्हते. अखेरच्या काळात सबंध देशात आठ हजारांच्या आतबाहेर. चोरून ऐकणारे त्याहून पुष्कळ असावेत, अशी तेव्हाची तक्रार. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळ्यात निघाली आणि सरकारला ती हाती घ्यावी लागली. मग १९३३ चा कायदा आला. बिनतारी यंत्र बिनपरवाना बाळगणे हाच गुन्हा झाला. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत त्या परवान्याचे पुस्तक अजून आहे. दरसाल पोस्टात पंधरा रुपये भरायचे, तिकीट चिकटवायचे, शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. त्या पुस्तकात संचाची माहिती लिहिण्यास रकाना आहे. मर्फी असो, फिलिप्स असो, बुश असो, की कोणा गावठी कारागिराने जुळवलेला असो. सरकारला पंधरा रुपयांशी मतलब. परवाना ऐकण्याचा होता, ऐकण्याचे यंत्र ज्याचे त्याचे होते.

ह्या एका गोष्टीने काय साधले ते मराठवाड्याइतके कोणास ठाऊक असेल? हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. निजाम सरकारने १९३५ मध्ये हैदराबादचे केंद्र ताब्यात घेतले, ‘दख्खन रेडिओ’ म्हणून ते गाजले, औरंगाबादलाही एक लहान केंद्र होते. बोलणे बहुतेक उर्दूत, मराठीच्या वाट्याला थोडा वेळ. १९४८ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात हैदराबादचे केंद्र एक सांगे आणि दिल्लीची आकाशवाणी दुसरे. ज्या वाड्यात संच होता तेथे रात्री दार लावून, आवाज बारीक करून दोन्ही ऐकत. आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ह्या आठवणी असत. १७ सप्टेंबरला शरणागतीची वार्ता आली तीही त्याच हैदराबाद केंद्रावरून, आणि लगेच कान पिळून दिल्लीकडून ती ताडून पाहता आली. निजामाने आपल्या मुलखात फक्त दख्खन रेडिओ लागेल असेच मोहोरबंद संच विकू दिले असते तर? ऑस्ट्रेलियात ते पंचवीस वर्षांपूर्वी करून पाहिलेले होते. सुदैवाने ते त्याला सुचले नाही.

दुसरे उदाहरण सौम्य आहे, गोड आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे कैवारी. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत, आणि त्या मतापायी आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. देशाने भांडण केले नाही, मोर्चा काढला नाही. नुसते बटण फिरवले. लघुलहरींवर रेडिओ सिलोन होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत शिरला. पाच वर्षे मंत्रिमहाशय तग धरून राहिले. मग ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. केसकरांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांनी आकाशवाणीवर अभिजात गायकवादकांना जी जागा दिली ती नंतर कोणी दिली नाही. पण बटण श्रोत्याच्या हाती होते, आणि त्या बटणाने विद्वान मंत्र्यालाही वाटाघाटीस बसविले.

दूरचित्रवाणीचे पहिले प्रकरण मी पळत सांगतो, कारण ते सर्वांच्या परिचयाचे आहे. १५ सप्टेंबर १९५९ दिल्ली, २ ऑक्टोबर १९७२ मुंबई. १९७५-७६ साली अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत ‘साइट’चा प्रयोग झाला, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीची दहा फुटी छत्री लावून. महाराष्ट्र त्यात नव्हता; पण आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानातलीच गुलबर्गा, रायचूरकडची गावे होती. आमच्याकडे टीव्ही आला तो १९८३ च्या इन्सॅट-१ बी नंतर, लहान प्रक्षेपकांची लाट आली तेव्हा. माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा अँटेना, एक जण वर, एक जण दारात, एक जण टीव्हीपुढे, आणि “आलं का?” “गेलं!” “जरा डावीकडं!” हा संवाद. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा मी बालवाडीच्या वयाचा असेन. हार घातलेला टीव्ही मला अजून दिसतो. सांगायचे ते इतकेच की तो टीव्ही कोणत्याही कारखान्याचा असो, चित्र येत असे. औरंगाबादेजवळ व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला तेव्हा मराठवाड्याच्या टीव्हीवर मराठवाड्यात जुळवलेला संच आला, ह्याचा आम्हांस कोण अभिमान!

१९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रहाची चित्रे मुंबईच्या हॉटेलांत आली. त्याच वर्षी स्टार आले, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. गावोगाव केबलवाले निघाले. कोणाच्या तरी गच्चीवर मोठी छत्री, खाली एक खोली, आणि तेथून विजेच्या खांबांवरून लोंबत गेलेल्या तारा. कायदा मागून आला, १९९५ साली. आणि त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीस, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या एका खटल्यात जो निकाल दिला तो आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांचे. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. “आभाळ बी एकच” असे आमचे शेजारी म्हणाले होते. ते निकालपत्र त्यांनी वाचलेले नाही.

आता डब्याचा जन्म. १९९७ च्या जुलैत केंद्र सरकारने थेट घरात येणाऱ्या, लहान छत्रीच्या सेवेवर बंदीच घातली होती. २००० च्या अखेरीस ती उठली आणि १५ मार्च २००१ रोजी मार्गदर्शक नियम निघाले. प्रवेशशुल्क १० कोटी रुपये, परवाना दहा वर्षांचा, वगैरे. ह्या नियमांतच एक कलम आहे, आणि ते वाचून मला माझ्या शेजाऱ्यास हाक मारावीशी वाटली: ग्राहकाला द्यावयाचा डबा खुल्या बांधणीचा असावा, कोणा एकाच्या मालकीच्या गुपितावर चालणारा नसावा, आणि एका कंपनीचा डबा दुसरीच्या सेवेसाठी चालेल अशी तांत्रिक सोय त्यात असावी. म्हणजे पहिली खासगी सेवा २ ऑक्टोबर २००३ रोजी सुरू होण्याच्या अडीच वर्षे आधी, एकही डबा विकला गेलेला नसताना, हा प्रश्न सरकारला सुचला होता आणि त्याचे उत्तरही कागदावर लिहिले गेले होते.

मग उत्तर डब्यात का उतरले नाही? त्यासाठी डबा उघडला पाहिजे. एका ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने तो मला उघडून दाखवला. आत मुख्य कामे दोन. एक ट्यूनरचे: छत्रीकडून आलेल्या अनेक लहरींतून हवी ती निवडायची आणि तिच्यातून आकडे वेगळे काढायचे. हे काम सगळ्या कंपन्यांच्या डब्यांत सारखेच आहे, कारण सगळ्या एकाच युरोपीय प्रमाणावर, ‘डीव्हीबी’वर, चालतात. डबा कोणत्याही कारखान्याचा असो, ट्यूनरला भेदभाव ठाऊक नाही. दुसरे काम कुलपाचे. कंपनी चित्राचे आकडे मुद्दाम विस्कटून पाठवते. ते पुन्हा जुळविण्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. आणि ती किल्ली ज्याने रिचार्ज भरला आहे त्याच्याच कार्डाला किंवा डब्यातल्या चकतीला समजते. ऑस्ट्रेलियाची मोहोर मेणाची होती; ही गणिताची आहे, आणि गणितापुढे घरातला चाकू चालत नाही. शंभर वर्षांत बदलले ते इतकेच.

(आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ विश्वाच्या गर्भातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा व्हायची आहे, २०२३ च्या एप्रिलात केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, त्याला रिचार्ज लागंल का?” वर्ग हसला. मला उत्तर चटकन सुचले नाही.)

कुलूप घालूच नये, असे माझे म्हणणे नाही. माझी कादंबरी कोणी चोरून छापली तर मी तंटा करीन; क्रिकेटचे आणि सिनेमाचे हक्क विकत घेणाऱ्याने त्याचे मोल वसूल करावे, त्यात गैर काय? परंतु माझी कादंबरी वाचायची तर माझ्याच प्रकाशकाच्या दुकानातला चष्मा घ्यावा लागेल, आणि दुसऱ्या प्रकाशकाचे पुस्तक घेतलेत तर तो चष्मा फेकून नवा घ्या, असे कोणी म्हणू लागले तर वाचक त्याला दुकानाबाहेर काढतील. कुलूप कंपनीचे असावे, दार घरमालकाचे.

आणि असे दार बनविता येते, हे युरोपात १९९० च्या दशकातच सिद्ध झाले होते. टीव्हीला किंवा डब्याला एक सर्वसामान्य खाच ठेवायची, तिला ‘कॉमन इंटरफेस’ म्हणतात. कंपनीने आपले कुलूप एका लहान जोडपट्टीत घालून द्यायचे, तिचे नाव ‘कॅम’. ग्राहकाने कंपनी बदलली की जोडपट्टी बदलायची, बाकी यंत्र तेच. युरोपीय संघाने २००२ साली नियमच केला की ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पडद्याच्या, आत डिजिटल ट्यूनर असलेल्या टीव्हीला अशी खाच हवीच. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने केबलच्या ग्राहकाला बाजारातला दुसरा डबा वापरण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी ‘केबलकार्ड’ आले, २००४ पासून केबल कंपन्यांना ते देणे भाग पडले. कंपन्यांनी ते नाइलाजाने दिले, ग्राहकांनी थोडेफार घेतले, आणि २०२० साली तो नियमच तेथल्या आयोगाने काढून टाकला. तेव्हा हा आजार एकट्या हिंदुस्थानचा नव्हे.

आपल्याकडे २००१ च्या कलमास मान देऊन डब्यांच्या पाठीमागे ती खाच ठेवली गेली. जोडपट्टी मात्र मागायला गेले तर तिची किंमत जवळजवळ नव्या डब्याइतकी. कोण घेईल? उलट नवा डबा कंपनी खरेदीपेक्षा स्वस्तात, कधी महिन्याच्या पॅकेजासकट देत असे. कारण डबा घरात गेला की गिऱ्हाईक बांधले गेले. कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणत की आम्ही डब्यावर पदरचे पैसे घालतो, तो दुसऱ्याच्या कामाला कसा येऊ द्यावा? शिवाय चित्र आवळून बांधण्याच्या रीती वेगळ्या: आधी आलेल्यांनी जुनी एमपेग-२ ही रीत धरली, मागून आलेल्यांनी एमपेग-४. जुन्या डब्याला नवी रीत वाचता येत नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. रीत एकच असलेल्या दोन कंपन्यांचे डबे तरी एकमेकांना कोठे चालत होते?

२००९ पर्यंत अशा सहा खासगी सेवा झाल्या. त्यांपैकी एक आमच्या औरंगाबादकरांची, व्हिडिओकॉनची. कोणत्याही कारखान्याचा टीव्ही चालावा ह्या जगात वाढलेला कारखाना आता आपल्याच डब्याच्या जगात आला. पुढे, २०१८ मध्ये, तो व्यवसाय डिश टीव्हीत विलीन झाला. सहांपैकी एक सेवा बंदही पडली, आणि तिचे डबे घराघरांत नुसते पेटीसारखे उरले. केबलच्या गावांचीही तीच गत. २०११ च्या दुरुस्तीने केबलला डिजिटल करण्याचे चार टप्पे ठरले: महानगरे २०१२, मोठी शहरे २०१३, मग आमच्यासारखी नगरपालिकांची गावे, आणि ३१ मार्च २०१७ ला खेडी. हिंगोलीस केबलवाला डब्यांची गोणी घेऊन गल्लीत हिंडला तो ह्या तिसऱ्या टप्प्यात. वरच्या कंपनीशी त्याचे बिनसले आणि त्याने दुसरी धरली की पुन्हा गल्लीभर डबे बदलायचे. मोलमजुरी करणाऱ्या घरात हजार-बाराशे रुपये म्हणजे काय, हे मी शाळेच्या फीच्या तारखांवरून ओळखतो.

दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, स्वस्थ बसली होती असे नाही. सरकारच्याच ‘सी-डॉट’ ह्या संस्थेबरोबर तिने एका सामायिक डब्याची बांधणी आखून पाहिली, २०१७ साली तिचा मसुदा लोकांपुढे ठेवला, २०१९ मध्ये चर्चापत्र काढले, आणि २०२० च्या एप्रिलात शिफारस केली की देशातला प्रत्येक डबा परस्परांना चालणारा असावा, टीव्हीलाही त्यासाठी यूएसबीची खाच असावी, सहा महिन्यांत हे व्हावे. तो टाळेबंदीचा महिना. देश घरात कोंडलेला, दूरदर्शनवर ३३ वर्षांपूर्वीचे ‘रामायण’ पुन्हा लागलेले, आणि ज्यांचा रिचार्ज संपला त्यांचे डबे मुके. शिफारस योग्य वेळी आली होती. पुढील वर्षांत ती सक्तीची काही झाली नाही. दरम्यान मोबाइलने गिऱ्हाईक ओढले; २०२० च्या अखेरीस पैसे भरून छत्री वापरणारे सुमारे ७ कोटी होते, ते २०२४ च्या अखेरीस ६ कोटींच्या खाली आले.

सोडून गेलेले सगळेच मोबाइलकडे गेले नाहीत. १६ डिसेंबर २००४ रोजी सरकारने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केली होती, ३३ वाहिन्यांची. हल्लीचे तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’. मासिक भाडे नाही, रिचार्ज नाही; आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे डबा कोणाचाही. हिंगोलीच्या बाजारात, दसऱ्याच्या प्रदर्शनाच्या गर्दीत, नाव न ऐकलेल्या कारखान्यांचे डबे ढिगाने मांडलेले असत; घ्या, लावा, बघा. कुलूप नसल्याने ट्यूनर पुरेसा होतो. हे चित्र येते ते ९३.५ अंश पूर्वेच्या, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडून. गंमत अशी की दक्षिणेतील एक पैसे घेणारी सेवाही त्याच जागेवरून येते. छत्री तसूभर हलवावी लागत नाही. त्याच छत्रीत दोन्हींच्या लहरी एकाच वेळी पडतात, आणि फुकटच्या डब्याला एक दिसते, दुसरी दिसत नाही. आज चार कोटींहून अधिक घरांत ही फुकटची छत्री असावी, असा अंदाज आहे. तिच्यावर दिसते ते सगळे चांगले असे नाही. जाहिराती डोके उठवतात. पण आमच्या तालुक्यात जेथे महिन्याचे दोन-तीनशे रुपये जड जातात तेथे तीच आहे.

२०२३ च्या जानेवारीत भारतीय मानक ब्यूरोने आणखी एक पाऊल टाकले. उपग्रहाचा ट्यूनर टीव्हीच्या पोटातच बसवावा, ह्यासाठी ‘आयएस १८११२ : २०२२’ हे मानक जाहीर झाले. अशा टीव्हीला छत्रीची तार थेट जोडायची. फुकटच्या वाहिन्या डब्यावाचून दिसतात. म्हणजे १९२४ साली इंग्लंडातल्या पोरांनी जे मिळवले, ते फुकटच्या वाहिन्यांपुरते आपल्याला कारखान्याकडून मिळण्याची सोय झाली. पैशाच्या वाहिन्यांना त्या टीव्हीजवळ डबा ठेवावाच लागतो, आणि तो त्या त्या कंपनीचाच.

शेजाऱ्यांना मी हे सगळे सांगितले. संध्याकाळची वेळ, ओसरीत हळदीच्या शिजवणीचा वास, ऐकून घेण्याची त्यांची तयारी. त्यांनी मधे एकदाच विचारले, त्या २००१ च्या कलमाविषयी: “म्हंजे कायद्यात आहे?” मी म्हटले, आहे. ते आत गेले, उदबत्तीचा पुडा बाजूला काढून डबा घेऊन आले, उलटा करून पाठीमागची ती चिंचोळी खाच मला दाखवली आणि म्हणाले, “ही का ती?” तीच होती. आत कोळ्याने जाळे केले होते.